आवारातलं मत

ज्या खोलीत सव्वीस वर्षं दर शनिवारी सगळं हॅल्डनशॉ आपापली गाऱ्हाणी घेऊन येऊन बसायचं, त्याच पुढच्या खोलीत आता खासदार विल्फ ओल्डरॉइडचा पलंग आणून टाकला होता. जिना चढायचा दम त्याच्या छातीत उरला नव्हता. उशाशी प्राणवायूची उंच टाकी, तोंडावर रबरी मास्क, आणि मास्कच्या आत एकेका श्वासासाठी चाललेली ओढाताण. डॉक्टरांनी सोमवारीच हिल्डाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की रविवार काढला तरी पुष्कळ म्हणायचं.

हिल्डा रडली नव्हती. खाणकामगाराची मुलगी आणि खाणकामगाराची बायको, कोळशाच्या धुळीनं मरणारी माणसं तिनं लहानपणापासून पाहिली होती. तिचं मागणं एकच होतं. सव्वीस वर्षं हा माणूस सोमवारी पहाटेच्या गाडीनं लंडनला जायचा आणि शुक्रवारी उशिरा परत यायचा. मग शनिवार मतदारांचा आणि रविवार चॅपलमधल्या प्रार्थनेचा. नवरा पार्लमेंटला उसना दिलाय, असं ती शेजारणींना हसून सांगायची, पण त्या हसण्यात काही राम नसायचा. गेल्या वर्षी छातीचा फोटो काढून आल्यावर विल्फनं तिचा हात धरून शब्द दिला होता, "मरेन तो आपल्या घरात मरेन, हिल्डा. लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत नाही." आता तो घरात होता, तिचा होता, आणि हे उरलेले दोन-चार दिवस ती कुणाच्या बापाला देणार नव्हती.

त्यात फोन वाजला. सकाळपासूनचा हा तिसरा.

केनेथनं तो झडप घालून उचलला. थोरला मुलगा, लीड्सला वकिली करणारा. वडिलांचं दुखणं वाढल्याचं कळून तो आला, असं त्याचं म्हणणं. पक्षाच्या प्रतोदाचा फोन गेला म्हणून आला, असं त्याच्या बहिणीचं, बेरिलचं म्हणणं. प्रतोद म्हणजे खासदारांना मेंढरांसारखं हाकून मतदानाला आणणारा माणूस, आणि या प्रतोदाचं, टॉम गॅलिमोरचं, सगळं आयुष्य हाकण्यात गेलं होतं.

"हो टॉम... शुद्धीवर आहेत... आईला विचारतो," असं म्हणत केनेथनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आला. टेबलाशी हिल्डा, बेरिल आणि विल्फचा धाकटा भाऊ आर्नल्ड चहा घेऊन बसले होते. चहा केव्हाच गार झाला होता.

"आज संध्याकाळी सातला धुळीच्या बिलावर मतदान आहे," केनेथ म्हणाला. "टॉमनं दहा वेळा मोजून पाहिलंय. एका मतानं इकडं किंवा एका मतानं तिकडं. बाबांना आणा म्हणतोय."

"आणा म्हणजे?" बेरिलनं विचारलं. ती गावात घरोघर फिरणारी नर्स होती, आणि गेले दहा दिवस वडिलांजवळून हलली नव्हती. "पोत्यात घालून आणू का?"

"अँब्युलन्समधून. आत जायचं नाही, चालायचं नाही, बोलायचं नाही. गाडी पार्लमेंटच्या आवारात जाऊन उभी राहिली की झालं. तशी रीत आहे. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बाहेर येऊन बघून जातो, आणि मत धरलं जातं."

"काय बघून जातो?"

"माणूस आहे की नाही ते."

"जिवंत आहे की नाही ते, असं म्हण की सरळ. वकील ना तू?"

"बेरिल, मी नियम सांगतोय."

"तू नियम सांगत नाहीस, तू जागा धरतोयस. बाबा अँब्युलन्समधून मत देऊन आले की पेपरात फोटो, आणि महिन्याभरात पोटनिवडणूक. हुतात्म्याचा मुलगा उमेदवार! गॅलिमोरनं पाठीवर हात फिरवला असेल ना?"

केनेथचे कान लाल झाले, पण तो नाही म्हणाला नाही. हिल्डानं ते पाहिलं आणि तिला मुलाची कीव आली. रागही आला, पण कीव जास्त आली. बापाला घरात कधी नीट न भेटलेला पोरगा बापाच्या खुर्चीतच त्याला शोधणार, दुसरं काय करणार?

"पोराच्या पोटात काही का असेना," आर्नल्ड म्हणाला, "पण जायला पाहिजे. हिल्डा, तुला बोललेलं आवडणार नाही. पण हे बिल दुसरं-तिसरं नाही, हे त्याचं आहे." तो खाणीतल्या युनियनच्या शाखेचा सेक्रेटरी. त्याच्याही छातीत तीच धूळ होती, आणि दोन वाक्यांत एकदा तो खोकायचा. "आमचा म्हातारा गेला तेव्हा काय केलं त्यांनी? फुप्फुसं काढली आणि बादलीत घालून शेफील्डला समितीकडे पाठवली. धुळीनं मेला की कशानं, ते ठरवायला. माझ्या देखत नेली. आणि समितीनं काय सांगितलं? हृदय! बाप चाळीस वर्षं कोळसा खात होता आणि मेला म्हणे हृदयानं. आईला छदाम मिळाला नाही. लोकांचे कपडे धुवून तिनं आम्हाला वाढवलं."

हे सगळ्यांना पाठ होतं. चौदाव्या वर्षी विल्फ खाणीत उतरला तो या बादलीमुळे. रात्रीच्या वर्गांना बसून शिकला, युनियनच्या सभांत बोलायला लागला, आणि जुना खासदार वारला तेव्हा हॅल्डनशॉनं त्याला उचलून लंडनला पाठवला तोही या बादलीमुळे. पहिल्याच भाषणात त्यानं बापाच्या फुप्फुसांची गोष्ट सांगितली, आणि समोरच्या बाकांवरचे काही सदस्य उठून चहाला गेले. मधे एकदा अकरा महिने त्याला उपमंत्री केलं होतं. धुळीचं नाव काढायचं नाही, अशी अट पडली तेव्हा त्यानं राजीनामा दिला. त्यानंतर त्याला कुणी कसलंही पद दिलं नाही. आता मात्र बिल आलं होतं. खाणकामगार छातीच्या रोगानं मेला तर समिती नाही, बादली नाही, विधवेला भरपाई. सव्वीस वर्षांत विल्फनं पार्लमेंटकडून मागितलेली ही एकच गोष्ट होती.

"झालं तुझं बोलून?" हिल्डा म्हणाली. "आता आत जा. आठ दिवसांत तू दारातूनच विचारपूस करून जातोयस. आत जा, त्याच्याजवळ बस, आणि मग मला येऊन सांग, जायला पाहिजे म्हणून."

आर्नल्ड गेला. भिंतीपलीकडून विल्फच्या श्वासाचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं आर्नल्ड परत आला तो भिंतीला हात लावत. खुर्चीत बसला.

"नको," तो म्हणाला. "राहू दे त्याला. मी खाणीतून माणसं वर काढलीयत, पण अशी... नको, केनेथ. फोन करून नाही म्हणून सांग."

"काका, मघाशी तुम्हीच..."

"मघाशी मी गाढव होतो."

केनेथ फोनकडे वळला, आणि तो उचलायच्या आत फोनच वाजला. या वेळी बेरिल पुढे झाली. तिनं ऐकलं, तिच्या कपाळाला आठी पडली, मग ती हळूहळू सुटली. फोनवर तळवा ठेवून ती म्हणाली, "सर जेरार्ड वेंटली आहेत. समोरच्या पक्षाचे. म्हणतायत, विल्फनं प्रवास करू नये. ते स्वतः मत देणार नाहीत. जोडी पाळतो म्हणतायत."

केनेथनं सुटकेचा श्वास टाकला. पार्लमेंटातली ही जुनी रीत त्याला ठाऊक होती. या बाजूचा एक आणि त्या बाजूचा एक आपसात ठरवतात, की तू नसशील त्या दिवशी मीही मत देणार नाही. लिहून काही नसतं, नुसता शब्द असतो. एक इकडचं कमी, एक तिकडचं कमी, हिशेब जिथल्या तिथे.

"मिटलं!" केनेथ म्हणाला. "बाबांना कुठेही न्यायला नको. टॉमलाही चालेल."

पण आर्नल्ड उठून उभा राहिला होता. "कोण वेंटली? आपल्या खाणीचे वेंटली? ज्यांच्या आज्यानं म्हाताऱ्याच्या प्रेताला घरी पाठवायला घोडागाडी दिली नाही, ते? त्या आज्याचा नातू माझ्या भावाची जोडी?"

हे हिल्डाला माहीत होतं, आणि ते तिनं गावापासून जिवापाड लपवलं होतं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "माझं ऑपरेशन झालं तेव्हा घरी यायचं होतं, आणि त्यांच्या बाजूचा कुणीच जोडीला तयार नव्हता. हा झाला. शब्दाचा पक्का आहे, असं विल्फ म्हणायचा. आवडायचा नाही त्याला, पण शब्दाचा पक्का."

"आणि मला सांगितलं नाहीत. मी शाखेत छाती काढून सांगायचो, माझा भाऊ त्यांच्यातल्या कुणाच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही!"

"म्हणूनच नाही सांगितलं." हिल्डानं बेरिलच्या हातातून फोन घेतला. वेंटलीचं नाव असो नाहीतर सैतानाचं, तिला नवरा घरात हवा होता. "सर जेरार्ड," ती म्हणाली, "मी विल्फची बायको बोलतेय..."

तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. विल्फ चमच्यानं भिंत ठोकत होता.

ते सगळे आत गेले तेव्हा त्यानं मास्क खाली ओढला होता. ओठ निळे पडले होते, पण डोळे स्वच्छ होते. घराच्या भिंती पातळ, त्यानं सगळं ऐकलं होतं.

"जोडी नाही," तो म्हणाला.

"बाबा, मास्क..." बेरिल पुढे झाली. त्यानं मान हलवली.

"या मताला नाही. मासे, टपाल, रस्ते... कशालाही केली. याला नाही."

"पण हिशेब तोच राहतो, बाबा," केनेथ पलंगाजवळ वाकून, अगदी मऊ आवाजात म्हणाला. "तुम्ही गेलात तर तेही मत देणार. तुमचं एक, त्यांचं एक. तुम्ही इथं राहिलात तर दोघांचीही नाहीत. निकाल तोच! तुम्ही गेल्यानं एका मताचाही फरक पडत नाही. मग जीव कशाला घालवायचा?"

विल्फनं डोळे मिटले. छाती दोनदा वरखाली झाली. "नावं... छापून येतात, केनेथ. कुणी कुणीकडे मत दिलं. जोडी केली की... त्याचं नाव नाही. तो चांगला माणूस आहे, म्हणून लपतोय. वेंटलीनं विरोधात... असं छापून आलं पाहिजे. त्याचा आजा आमच्या दारात कधी आला नाही. नातवानं... जावं आत. माझ्यासमोर. नाव देऊन."

"एका नावासाठी?"

"बापाचं नाव होतं का कुठे?"

आर्नल्डनं भिंतीकडे तोंड फिरवलं. हिल्डाला मात्र संताप आला, असा की हातातलं काही फेकून द्यावं. मरणाच्या दारातही हा माणूस पार्लमेंटचाच होता. तिच्या वाट्याला दोन-चार दिवस आले होते, तेही याला त्या दगडी इमारतीला द्यायचे होते.

"आणि मला दिलेला शब्द?" ती म्हणाली. "तो कुणी छापायचा?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आता तो नुसता नवरा होता. "तू नाही म्हणालीस," तो म्हणाला, "तर नाही जाणार. खरंच नाही जाणार, हिल्डा. तूच सांग."

हा त्याचा जुना डाव होता, आणि डाव खरा होता हेच वाईट. ती नाही म्हणाली असती तर तो राहिला असता, तक्रार न करता राहिला असता, आणि भिंतीकडे बघत मेला असता. बेरिल तिच्याकडे डोळ्यांनी विनवत होती, नाही म्हण, आई, नाही म्हण. हिल्डा पलंगाजवळ गेली. मग तिनं त्याचा मास्क वर केला आणि नीट बसवला.

"बेरिल," ती म्हणाली, "बाबांचा काळा कोट काढ. पायजम्यावर पार्लमेंटात नाही जायचं."

बेरिलनं आईकडे असं पाहिलं, की त्या नजरेतला राग पुढे कित्येक वर्षं गेला नाही. पण कोट तिनंच काढला आणि एकेक बाही हळूच चढवून तिनंच घातला.

खाणीची अँब्युलन्स दुपारी दाराशी लागली. पुढे ड्रायव्हरशेजारी आर्नल्ड, मागे विल्फ, हिल्डा आणि बेरिल. फोनजवळ कुणीतरी हवं म्हणून केनेथ घरी राहिला. शेजारपाजारचे लोक आपापल्या पायऱ्यांवर येऊन उभे होते. कुणी हात हलवला नाही, कुणी काही विचारलं नाही. बाया हात पोटाशी धरून गाडीकडे बघत होत्या, जशा खाणीचा भोंगा अवेळी वाजला की बघतात.

हमरस्त्याला लागल्यावरही विल्फ जागा होता. लेस्टर शहराच्या पुढे त्यानं हिल्डाला खुणेनं विचारलं, कुठवर आलो. तिनं सांगितलं. पुढे त्याला डुलकी लागली, पुन्हा जाग आली, आणि मास्कच्या आतून तो काहीतरी बोलला. तिनं कान खाली नेला.

"चहा प्यायलीस का?" तो विचारत होता.

"प्यायले," ती खोटं बोलली.

लंडनात शिरले तेव्हा अंधार पडला होता आणि रस्ते गाड्यांनी गच्च भरले होते. अँब्युलन्स थांबत होती, सरकत होती, पुन्हा थांबत होती. एका चौकात दिव्याखाली गाडी उभी असताना हिल्डाच्या लक्षात आलं, की दोन श्वासांमधला वेळ वाढलाय. मग तो आणखी वाढला. मग तिनं वाट पाहिली, आणि पुढचा श्वास आला नाही.

बेरिलनं मनगट धरलं, मग गळ्याशी बोटं लावली. बराच वेळ तशीच राहिली. "आई," ती कुजबुजली. "बाबा गेले."

"समजलं मला."

"काकांना सांगते. गाडी फिरवायला सांगते." ती पुढच्या खिडकीकडे वळली, आणि हिल्डानं तिचा दंड असा पकडला की ती ओरडता ओरडता राहिली.

"बस खाली."

"आई, आता कशाला जायचं? संपलं ना!"

"मास्क राहू दे तोंडावर. टाकी बंद करू नकोस. बाबांचे डोळे मी मिटलेत." हिल्डाचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. सकाळी जिनं नवऱ्याला दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणून कंबर कसली होती, तीच आता त्याला आत पोचवायला निघाली होती. आता माघारी फिरायचं, तर तो चौकात फुकट मेला असा अर्थ झाला असता. तिला तो अर्थ सोसवला नसता. "इथवर आणलंय ना आपण? मग आता पोचवायचं. तू नर्स आहेस. तुझं तोंड बघून कुणाला काही कळता कामा नये."

बेरिलनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग खाली घेतले आणि वडिलांची नाडी पाहत असल्यासारखी मनगट धरून बसली. आर्नल्ड पुढे बसून खोकत होता. त्याला काही कळलं नव्हतं.

फाटकातल्या पोलिसानं गाडी आत सोडली. आवारात ओल्या फरशीवर अँब्युलन्स उभी राहिली, आर्नल्ड उतरून घाईनं गॅलिमोरला शोधायला गेला, आणि थोड्याच वेळात सगळीकडून घंटा वाजायला लागल्या. मतदानाच्या घंटा. सव्वीस वर्षं त्यांच्याबद्दल ऐकलेलं, पण हिल्डानं त्या प्रथमच ऐकल्या.

टॉम गॅलिमोर धावतच आला, मागचं दार उघडून आत डोकावला. "आलात! देवमाणूस आहे हो हा! कसा आहे?"

"प्रवासानं दमलाय. डोळा लागलाय," हिल्डा म्हणाली.

"झोपू द्या, झोपू द्या. आमच्या बाजूनं मी पाहिलं. आता त्यांचा माणूस येईल, की झालं." आणि तो तसाच उलट्या पावली धावत गेला.

त्यांचा माणूस आला तो उंच, वाकलेला, पाऊस असून हातातली छत्री न उघडलेला. हिल्डानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. विल्फचा चेहरा जवळून माहीत असलेला त्यांच्याकडे हा एकच.

"मिसेस ओल्डरॉइड," तो म्हणाला. "मी जेरार्ड वेंटली. मला पाठवलंय. मला यायचं नव्हतं."

तो वाकून आत चढला. "गुड इव्हनिंग, विल्फ," म्हणाला, आणि सवयीनं हात हातात घेतला. घेतला आणि थांबला. त्यानं विल्फच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बेरिलकडे. बेरिल नजर देऊ शकली नाही. बाहेर घंटा वाजत होत्या.

वेंटलीनं तो हात हळूच पांघरुणावर ठेवला. "मला फार वाईट वाटतं," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "ऐका माझं. मी आत जाऊन काही सांगणार नाही. त्यांची गणती होणार नाही, पण मीही मत देत नाही. जोडी होती आमची. अकरा वर्षं मी ती मोडली नाही, आजही मोडणार नाही. तुमच्या बिलाला धक्का लागणार नाही. तुम्ही त्यांना घरी घेऊन जा."

हे तो मनापासून बोलत होता, आणि हिल्डाला ते कळत होतं. सकाळी फोनवर हेच शब्द तिला देवाचे वाटले होते. आता फक्त मान हलवायची होती. हा माणूस गुपचूप कुठेतरी बाजूला जाऊन उभा राहिला असता, बिलही तरलं असतं, आणि तिला खोटं बोलावं लागलं नसतं. त्याचं नाव तेवढं कुठेच आलं नसतं.

"कुणाची गणती होणार नाही?" ती म्हणाली. "माझा नवरा झोपलाय."

"मिसेस ओल्डरॉइड..."

"दमून झोपलाय. तुम्ही पाहिलंत. आत जाऊन तसं सांगा."

"तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय."

"हो, सांगतेय. तुमच्या घराण्याकडून आमच्या घराला आजवर काही मिळालं नाही. एवढं एक खोटं द्या. आणि मग तुम्ही रांगेत उभे राहा, सर जेरार्ड. तुमचं मत आहे ना बिलाच्या विरोधात? मग विरोधात द्या. नाव सांगून द्या. तेवढ्यासाठी तो इथवर आला. तुम्ही बाजूला राहिलात तर तो कशासाठी आला?"

वेंटलीचा चेहरा पडला. थोडा वेळ तो आजारी माणसासारखा दिसला. "तुम्हाला कल्पना नाही," तो म्हणाला, "मला या बिलाच्या विरोधात मत द्यायची किती लाज वाटतेय."

"कल्पना आहे," हिल्डा म्हणाली. "त्यालाही होती."

तो खाली उतरला. दार लावायच्या आधी त्यानं मान लववली, तिच्यापुढे की विल्फपुढे ते कळलं नाही, आणि पावसातून न उघडलेली छत्री घेऊन आत गेला. हिल्डानं बेरिलचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि घट्ट धरून ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं विल्फच्या कोटाची कॉलर सारखी केली.

घंटा थांबल्या. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून कुठूनतरी लांबचा गलका ऐकू आला. पाठोपाठ गॅलिमोर आणि त्याच्या मागून आर्नल्ड, खोकत, हसत, धापा टाकत.

"एका मतानं!" गॅलिमोर ओरडला. "एका मतानं जिंकलो, विल्फ! ऊठ, ऐक!"

"वेंटलींनी मत दिलं?" हिल्डानं विचारलं.

"दिलं की. विरोधात. रांगेत सगळ्यात शेवटी. का हो?"

"नाव छापून येईल ना त्यांचं?"

"उद्या सकाळी." गॅलिमोर बोलता बोलता अडला. तो विल्फकडे नीट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एका बाजूनं उतरलं. "मिसेस ओल्डरॉइड," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे... कधी?"

आर्नल्डनं भावाच्या पायांना हात लावला, आणि त्यालाही समजलं. त्याच्या घशातून नुसताच एक आवाज निघाला.

गॅलिमोरनं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला. काही झालं तरी तो प्रतोद होता. "हे इथं झालेलं नाही. समजून घ्या, इथं झालेलं चालणारच नाही, मत रद्द होईल. परतीच्या वाटेवर झालं. शहराबाहेर पडल्यावर, कुठंतरी रस्त्यात..."

"रस्त्यात कशाला?" हिल्डा म्हणाली. "रस्त्यात काहीही झालेलं नाही."

तिनं पांघरूण विल्फच्या हनुवटीपर्यंत वर ओढलं आणि मास्क सरळ केला. आर्नल्ड ओल्या फरशीवर उभा होता. खाणीत मेलेल्या माणसापुढे काढतात तशी त्यानं टोपी काढली होती, आणि ती छातीशी धरून तो लहान मुलासारखा रडत होता.

"आर्नल्ड, टोपी घाल," ती म्हणाली. "डोळे पूस आणि पुढे जाऊन बस. हॅल्डनशॉ येईपर्यंत कुणी टोपी काढायची नाही, कुणी रडायचं नाही. तो घरी मरणार आहे. मला तसा शब्द दिलाय त्यानं."